स्पेलिंग बरोबर, शब्द चुकीचा: सारखे दिसणारे इंग्रजी शब्द परत परत चुकत असतील तर काय करायचं

ज्यांचं इंग्रजी एरवी चांगलं आहे, वाचन आहे, बोलणंही जमतं, अशा लोकांच्या लिखाणात पण ठरावीक चार-पाच शब्द सारखे चुकलेले दिसतात. 'डोन्ट लूज होप' लिहिताना लूजमध्ये दोन ओ पडतात, 'बेटर दॅन' लिहायचं असतं आणि देन लिहिलं जातं, 'इट विल अफेक्ट अस' मध्ये सुरुवातीला ए हवा तिथे ई येतो. कुणी दाखवून दिलं की लगेच कळतं, अरे हो, हे तर मला माहितीये. मग थोडे दिवस नीट जातं आणि एखादा मेल घाईत लिहिला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यावर सगळीकडे एकच उपाय सांगतात, कन्फ्यूजिंग शब्दांची यादी पाठ करा. माझं स्पष्ट मत आहे की यादी पाठ करून हे जात नाही, उलट बऱ्याचदा वाढतं, कारण यादीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी असतात आणि एकत्र पाठ केल्यामुळे ते डोक्यात कायमचे एकमेकांना चिकटून बसतात, मग एक आठवला की दुसराही हजर आणि कुठला कुठला हे कळायला मार्ग नाही. परकी भाषा शिकताना शब्द कसे लक्षात राहतात यावर काम करणाऱ्या बाट्या लाउफर यांनी १९८० च्या दशकात अशा दिसायला-ऐकायला जवळच्या शब्दांना 'सिनफॉर्म्स' असं नाव दिलं आणि त्यांचे वेगवेगळे प्रकार पाडले. प्रकार पाडणं हीच कामाची गोष्ट आहे. सगळ्या जोड्या एकाच कारणाने चुकत नाहीत, म्हणून सगळ्यांवर एकच औषध चालत नाही. आपली जोडी नेमकी का चुकते ते आधी शोधायचं आणि मगच दुरुस्तीला लागायचं.

लाल रेघ का येत नाही

हे आधी सांगतो कारण बरेच जण स्पेलचेकवर विसंबून असतात. साधा स्पेलचेक एवढंच बघतो की हा शब्द डिक्शनरीत आहे का. लूज एका ओचा असो की दोन ओचा, दोन्ही खरे शब्द आहेत, त्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. हल्लीचे ग्रामर चेकर आजूबाजूचं वाक्य पण बघतात आणि देन-दॅनसारख्या चुका बऱ्यापैकी पकडतात, पण जिथे दोन्ही शब्द वाक्यात व्याकरणाने बसतात तिथे त्यांचाही नाइलाज होतो. रिपोर्टमध्ये 'कॉजल रिलेशन' म्हणायचं होतं आणि 'कॅज्युअल रिलेशन' टाइप झालं, म्हणजे सी-ए-यू-एस-ए-एल ऐवजी सी-ए-एस-यू-ए-एल, तर यू आणि एस फक्त जागा बदलतात आणि कार्यकारण संबंधाचा सहज जुळलेला संबंध होऊन जातो. मशीनला यात काही वावगं दिसेलच असं नाही.

आधी निदान

स्वतः लिहिलेले जुने मेल, रिपोर्ट, मेसेज काढा आणि त्यात खरंच चुकलेले शब्द शोधा, नेटवरच्या यादीतले नकोत, स्वतःचे हवेत. बहुतेकांचे मोजकेच निघतात. मग प्रत्येक जोडीतले दोन्ही शब्द मोठ्याने म्हणा आणि देवनागरीत लिहून बघा. दोन्ही देवनागरीत सारखेच लिहिले गेले तर घोळ बहुतेक आवाजाचा आहे. वेगळे लिहिले गेले पण कुठला शब्द वाक्यात कुठे बसतो तेच ठरत नसेल तर घोळ नाम-क्रियापदाचा किंवा अर्थाचा आहे. आणि सगळं माहिती असूनही चुकतं, विचारल्यावर बरोबर सांगता येतं पण कागदावर उलटं उतरतं, तर तो बोटांचा प्रॉब्लेम आहे, त्याच्यासाठी डोक्याला ताण द्यायची गरज नाही.

आवाजाचा घोळ

आपल्याकडे हा सगळ्यात मोठा प्रकार आहे आणि याच्याबद्दल बोललं जात नाही कारण इंग्रजीतली पुस्तकं इंग्रजी कानासाठी लिहिलेली असतात. देवनागरी ही आवाजाप्रमाणे लिहिण्याची लिपी, त्यामुळे आपण इंग्रजी शब्द आधी मनात देवनागरीत बसवतो आणि तिथून स्पेलिंगकडे जातो. पण आपला 'ए' हा एकच आहे आणि इंग्रजीतले दोन आवाज त्याच्यात येऊन मिसळतात. लिहून बघा: पेन म्हणजे लिहायचा पण आणि दुखण्याचा पण, म्हणूनच पेनकिलर. टेस्ट म्हणजे परीक्षा पण आणि चव पण. सेल, गेट, डेट, रेड, वेस्ट, एज, मेन, टेल, सगळ्यांची हीच गत, प्रत्येकाच्या मागे किमान दोन इंग्रजी शब्द उभे आहेत. इंग्रजीत एक आखूड ए आहे, पटकन तुटणारा, आणि दुसरा शेवटी इकडे घसरणारा, 'एइ' सारखा. पेन लिहायचा असेल तर आखूड, दुखत असेल तर 'पेइन'.

यातला लेटर हा शब्द बघा. पत्र तो लेटर, नंतर म्हणजे पण लेटर, आणि दोनपैकी दुसरा या अर्थाचा लॅटर पण घाईत लेटरच होतो. तीन शब्द, देवनागरीत जवळपास एकच. याला एक फार कामाचा नियम आहे आणि तो एका जोडीपुरता नाही, शेकडो शब्दांना लागतो: मधलं व्यंजन एकटं असेल आणि पुढे ई किंवा आय असेल तर आधीचा स्वर लांब, व्यंजन डबल असेल तर आधीचा स्वर आखूड. एल-ए-टी-ई-आर, एकच टी, म्हणून 'लेइटर', नंतर. एल-ए-टी-टी-ई-आर, दोन टी, म्हणून लॅटर. पत्रातल्या लेटरला पण दोन टी, म्हणून तिथला ए आखूड. पेपर म्हणजे कागद, एक पी, मिरीवाला पेपर, दोन पी. होपिंग म्हणजे आशा करणं, एक पी, हॉपिंग म्हणजे उड्या मारणं, दोन पी. स्टेअरिंग म्हणजे टक लावून बघणं, एक आर, स्टारिंग म्हणजे प्रमुख भूमिका करणं, दोन आर. रायटिंगमध्ये एक टी आणि रिटनमध्ये दोन टी का, हेही यातूनच सुटतं. एकदा हा नियम कानात बसला की स्पेलिंग पाठ न करता आवाजावरून काढता येतं, फक्त अट एकच की आवाज आधी बरोबर हवा.

नियमाला न जुमानणारे शब्द आहेतच, कारण इंग्लंडमधली छपाई विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला सुरू केली आणि त्यानंतर स्पेलिंग हळूहळू थिजत गेलं, पण स्वरांचे उच्चार पुढची दोनेकशे वर्षं बदलतच राहिले. त्यामुळे कागदावर एक आणि तोंडात दुसरं अशी फारकत झाली ती आजतागायत आहे. ती बिचारी मुलं आणि परकी माणसं भोगतात, त्यात कुणाच्या हुशारीचा संबंध नाही.

आता लूज. ही जोडी आपल्याकडे एवढी का चुकते याचं कारण अगदी साधं आहे. आपण सैल या अर्थाने लूजच म्हणतो, स्क्रू लूज झाला, कपडे लूज झाले. पण इंग्रजीत सैल म्हणजे 'लूस', शेवटी स्वच्छ स. आणि गमावणं, हरणं म्हणजे 'लूज', शेवटी ज, आपल्या 'आज' मधला किंवा 'जवळ' मधला, 'जीव' मधला नव्हे. म्हणजे मूळ इंग्रजीत हे दोन शब्द कानाला वेगळे आहेत आणि आपल्या बोलण्यात ते एक झाले, मग लिहिताना फरक कशाच्या आधारे करणार? म्हणून याची दुरुस्ती वहीत करण्यापेक्षा तोंडात करावी लागते. आठवडाभर सैलला मुद्दाम 'लूस' म्हणा, मराठी बोलताना नाही, इंग्रजी वाक्यात. 'लूस स्क्रू', 'लूस क्लोद्ज'. आणि 'लूज वेट', 'लूज टाइम', 'लूज द मॅच'. स्पेलिंगमध्ये गमावताना एक ओ गमावलाय हे बऱ्याच जणांना लक्षात ठेवायला बरं वाटतं, ठीक आहे, पण कान तयार झाला तर त्याची गरज उरत नाही.

एक गोष्ट मात्र इथे आडवी येते. चूज म्हणजे निवडणं, त्यात दोन ओ आहेत आणि शेवटी ज पण आहे, त्यामुळे डोकं म्हणतं की लूज पण तसाच असणार. तो तसा नाही, आणि त्याला काही तर्क नाही, तेवढा एक वेगळा लक्षात ठेवायचा.

क्वाइट आणि क्वायट पण याच प्रकारात. बऱ्यापैकी, अगदी या अर्थाचा क्वाइट एका झटक्यात म्हणायचा, क्यू-यू-आय-टी-ई, शेवटचा ई मुका. शांत या अर्थाचा क्वा-यट असा दोन तुकड्यांत म्हणायचा, क्यू-यू-आय-ई-टी, आणि ई टीच्या आधी आहे कारण तिथे तो खरंच ऐकू येतो. दोन तुकडे म्हटले की स्पेलिंग आपोआप तसं येतं. डेझर्टमध्ये जोर कुठे द्यायचा हा प्रश्न आहे: वाळवंट म्हणताना जोर पहिल्या भागावर आणि एक एस, जेवणानंतरच्या गोडाला जोर दुसऱ्या भागावर आणि दोन एस. पण सोडून जाणं, पळून जाणं हे क्रियापद एका एसचं असूनही जोर दुसऱ्या भागावर घेतं, त्यामुळे इथे फक्त आवाजावर जाऊ नका.

नाम की क्रियापद

हा माझ्या मते सगळ्यात समजून घेण्यासारखा प्रकार, कारण यात मराठीच आपल्याला चकवते आणि मराठीच सोडवते.

आपण म्हणतो परिणाम होतो, सल्ला देतो, श्वास घेतो, सराव करतो. म्हणजे मराठीत नाम तेच राहतं आणि पुढे होणं, देणं, घेणं, करणं लागतं. डोक्यात शब्द एकच असतो, परिणाम. इंग्रजीत मात्र नाम वेगळं आणि क्रियापद वेगळं, तेही दिसायला जवळजवळ तेच. मग परिणाम म्हणजे इफेक्ट असं एकदा बसलं की माणूस 'इट इफेक्ट्स मी' लिहिणारच, त्याच्या दृष्टीने तो बरोबरच चाललाय. त्यामुळे 'इफेक्ट-अफेक्टमधला फरक काय' असं विचारून उपयोग नाही. मी इथे क्रिया लिहितोय की क्रियेचं नाव, हे विचारायचं.

याची झटपट चाचणी अशी. शब्दाच्या आधी ॲन, द, धिस, सम, नो, ऑल असं काही असेल तर ई-वाला, इफेक्ट. आधी विल, मे, कॅन, डिड नॉट असं काही असेल, किंवा त्याला ईडी लावता येत असेल, तर ए-वाला, अफेक्ट. 'द रेन हॅड नो इफेक्ट', 'द रेन डिड नॉट अफेक्ट अस'. नीट बोलणारे लोक अफेक्टची सुरुवात 'अ' ने करतात, अबाउट मधल्यासारखी, आणि इफेक्टची 'इ' ने, आपण दोन्हीला इ लावून मोकळे होतो तेवढं टाळलं तरी खूप फरक पडतो.

आणि घाईत असाल, मीटिंग सुरू व्हायला दोन मिनिटं आहेत, तर एक सरळ वाट आहे जी मी सगळ्यांना सांगतो: मराठी रचनाच इंग्रजीत वापरा. 'हॅव ॲन इफेक्ट ऑन'. परिणाम होतो, शब्दशः तेच, आणि इंग्रजीत पूर्णपणे बरोबर. 'गिव्ह सम ॲडव्हाइस', 'टेक अ ब्रेथ'. क्रियापद टाळलं की प्रश्नच मिटला. वाक्य थोडं लांब होतं, होऊ दे.

आता अपवाद, कारण कुणीतरी दाखवतंच. 'टु इफेक्ट अ चेंज' मध्ये इफेक्ट क्रियापद आहे, तिथे अर्थ परिणाम करणं नसून घडवून आणणं असा आहे, आणि मानसशास्त्रात ए-वाला शब्द नाम म्हणून येतो, भावनेच्या दिसण्याबद्दल, जोर पहिल्या भागावर, ॲफेक्ट. रोजच्या मेलमध्ये दोन्ही क्वचित लागतात. माहिती असू द्या, चाचणी तीच वापरा.

इथे एक असा पॅटर्न आहे जो मला अतिशय आवडतो कारण तो कुठल्याही यादीपेक्षा जास्त शब्द एका फटक्यात सोडवतो. इंग्रजीत कित्येक जोड्यांमध्ये नामाच्या शेवटी स, थ, फ येतो आणि क्रियापदाच्या शेवटी तोच आवाज भारदस्त होऊन ज, द, व्ह होतो. ॲडव्हाइस सल्ला, ॲडव्हाइज सल्ला देणं. डिव्हाइस उपकरण, डिव्हाइज युक्ती काढणं. ब्रेथ श्वास, ब्रीद श्वास घेणं. बाथ, बेद. क्लॉथ, क्लोद. बिलीफ, बिलीव्ह. प्रूफ, प्रूव्ह. ग्रीफ, ग्रीव्ह. हाफ, हाव्ह. यूज हा शब्दसुद्धा, नाम असताना यूस आणि क्रियापद असताना यूज, स्पेलिंग एकच. विशेषणंही यात सापडतात: क्लोस म्हणजे जवळचा, क्लोज म्हणजे बंद करणं, आणि हो, लूस म्हणजे सैल, लूज म्हणजे गमावणं. म्हणजे वर जी जोडी सुटी सुटी वाटत होती ती पण याच घराण्यातली. ज, द, व्ह ऐकू आलं की क्रियापद, हे एकदा कानाने पकडलं की ॲडव्हाइसमध्ये सी का आणि ॲडव्हाइजमध्ये एस का हे पाठ करायला लागत नाही, स म्हणायचं तिथे सी, ज म्हणायचं तिथे एस. ब्रीद, बेद, क्लोद यांना क्रियापद असताना शेवटी ई लागतो, बिनईचे नाम.

जाता जाता, सल्ला या अर्थाच्या ॲडव्हाइसला इंग्रजीत अनेकवचन नाही. 'मेनी ॲडव्हाइसेस' चूक, 'अ लॉट ऑफ ॲडव्हाइस' बरोबर.

प्रॅक्टिस आणि लायसन्स या दोघांत मात्र आवाज मदत करत नाही, नाम आणि क्रियापद दोन्ही सारखेच ऐकू येतात. ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस, म्हणजे ॲडव्हाइस-ॲडव्हाइजची नक्कल करायची आणि झालं. अमेरिकन पद्धतीत मात्र प्रॅक्टिस दोन्हीकडे सीने आणि लायसन्स दोन्हीकडे एसने. नोआ वेबस्टरची डिक्शनरी १८२८ मध्ये आली तेव्हापासून अमेरिकन स्पेलिंगची वाट चांगलीच वेगळी झाली, आणि आपण दोन्हीकडचं वाचत असल्यामुळे आपल्याला दोन्ही ओळखीचं वाटतं. कित्येकांना जी चूक वाटते ती इथे चूकच नसते, फक्त अर्धं ब्रिटिश अर्धं अमेरिकन झालेलं असतं. कीबोर्ड आणि डॉक्युमेंटची भाषा कुठली लावलीय ते सेटिंगमध्ये जाऊन बघा, एकच ठरवा, हा गोंधळ तिथेच संपतो.

एकाच मुळाचे शब्द

काही जोड्या सारख्या दिसतात कारण त्या खरंच एकाच घरातून आल्या आहेत. स्टेशनरी घ्या. मध्ययुगीन लॅटिनमध्ये स्टेशनारियस म्हणजे एका जागी दुकान मांडून बसणारा विक्रेता, मुख्यतः पुस्तकांचा, कारण बाकीचे विक्रेते बहुतेक फिरते असायचे. त्याच्यावरून इंग्रजीत स्टेशनर आणि त्याच्याकडे मिळतं ते स्टेशनरी, म्हणून ई-आर-वाय, बेकर-बेकरी जसं. आणि एका जागी उभं असलेलं या अर्थाचं विशेषण ए-आर-वाय. गाडी स्टेशनरी आहे, ए. कागद-पाकिटं, ई. स्टेशनर हा माणूस आठवला की ई आठवतो, त्याच्यासाठी दुसरी युक्ती नको.

प्रिन्सिपल दोन्ही लॅटिन प्रिन्सेप्सकडे जातात, म्हणजे पहिला, प्रमुख. पी-ए-एल वाला अजूनही तोच अर्थ सांभाळून आहे: प्रमुख कारण, शाळेचा प्रमुख, आणि कर्जातली मुद्दल, व्याज त्याच्यानंतर येतं म्हणून ती प्रमुख रक्कम. तीन वेगळे अर्थ वाटतात पण तिन्हींच्या जागी 'प्रमुख' किंवा 'मुख्य' बसवून बघा, बसतं. पी-एल-ई वाला फक्त तत्त्व, आणि तो कायम नामच असतो. म्हणून मुख्य बसलं तर ए, तत्त्व बसलं तर एल-ई. कर्जाच्या कागदांवर आणि करारात ही जोडी चुकू नये, तिथे शब्दाला वजन असतं.

कॉम्प्लिमेंटच्या दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमध्ये भरून काढणं, पूर्ण करणं असं आहे. ई-वाल्याने तो अर्थ ठेवला, कम्प्लीट मधला ई तोच. आय-वाला वळसा घेऊन शिष्टाचार, तारीफ आणि मग फुकट भेट या अर्थांना पोचला, म्हणून मोफत पासवर आय असतो. दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत असं म्हणायचं असेल तर ई, आणि इथे ग्रामर चेकरची मदत धरू नका.

दॅन आणि देन तर जुन्या इंग्रजीत एकच शब्द होता, स्पेलिंगची वाटणी साधारण १७०० च्या सुमाराला पक्की झाली. इथे मराठी एकदम स्वच्छ आहे. 'पेक्षा' बसलं तर ए, 'मग' किंवा 'तेव्हा' बसलं तर ई. अशीच मराठी चाचणी बऱ्याच ठिकाणी चालते, कारण इंग्रजीत जुळे दिसणारे हे शब्द मराठीत एकमेकांच्या आसपासही नाहीत. 'सोडून' किंवा 'वगळता' बसलं तर एक्सेप्ट, ई-एक्स वाला, 'स्वीकारणं' बसलं तर ए-डबल सी वाला. 'की नाही' बसलं तर व्हेदर डब्ल्यू-एच वाला, 'हवामान' बसलं तर दुसरा. सामावून घेणं, जुळवून घेणं तो ॲडॅप्ट, आणि दत्तक घेणं किंवा एखादी पद्धत आपलीशी करणं तो ॲडॉप्ट. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात नोंद होण्याइतकं महत्त्वाचं, हिस्टॉरिकल म्हणजे नुसतं इतिहासाशी संबंधित. इकॉनॉमिक अर्थव्यवस्थेबद्दल, इकॉनॉमिकल काटकसरीचं.

अपॉस्ट्रॉफीवाले

इट्स, युअर, देअर, हूज. यात खरं तर एकच प्रश्न आहे, सुटं करून वाचता येतं का. 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं सुटं वाचून वाक्य नीट लागलं तर अपॉस्ट्रॉफी, नाही लागलं तर नाही. 'इट्स कलर' मध्ये 'इट इज कलर' होत नाही, संपलं. लोकांना अडचण येते कारण नामाला मालकी दाखवायला अपॉस्ट्रॉफी लागतो, मग इटला का नको, हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि १७व्या-१८व्या शतकातल्या छापील पुस्तकांत मालकीचा इट्ससुद्धा अपॉस्ट्रॉफी लावून छापलेला सापडतो. आजचा नियम असा की सर्वनामांना तो लागत नाही: हिज, हर्स, अवर्स, देअर्स, कुणालाच नाही, मग इट्सला पण नाही. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांचंही हे रोज चुकतं, कारण त्यांना आवाज सारखाच ऐकू येतो.

लेड बद्दल एक ओळ इथेच टाकतो. पुढे नेलं, नेतृत्व केलं याचा भूतकाळ एल-ई-डी, बास. लोक त्यात ए घालतात कारण रीडचा भूतकाळ रेड असताना स्पेलिंग बदलत नाही, मग लीडचं पण तसंच वाटतं, आणि वरून शिसं या धातूचं नाव ए घालून लिहितात आणि लेडच म्हणतात. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की चुकणार नाही तर काय होणार.

बोटांचा प्रॉब्लेम

फॉर्म आणि फ्रॉम, ट्रायल आणि ट्रेल, एंजल आणि अँगल, डेअरी आणि डायरी, मॅनेजर लिहिताना एक ए गळून झालेला मेंजर, म्हणजे गुरांची गव्हाण. यात ज्ञान कमी पडत नाही, अक्षरांची जागा बदलते किंवा एखादं गळतं आणि डोळे वाचताना जे अपेक्षित आहे तेच वाचतात. इथे अजून अभ्यास करणं म्हणजे नको तिथे मेहनत.

जो शब्द तुम्हाला आयुष्यात कधी लागणारच नाही पण बोटांतून निघतो, त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये एक्सक्लूजन डिक्शनरी नावाची सोय आहे, त्या फाइलमध्ये शब्द टाकला की तो खरा शब्द असूनही दर वेळी लाल रेघ येते. मेंजर तिथे टाका, मॅनेजरची चिंता गेली. फॉर्मसारख्या नेहमी लागणाऱ्या शब्दाला हे करता येत नाही, मग रेघाच रेघा होतील आणि तुम्ही बघणंच सोडून द्याल.

त्याच्यासाठी दुसरा मार्ग, लिहिलेलं मशीनकडून मोठ्याने वाचून घ्या. फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये हे आता असतंच. फॉर्म-फ्रॉम, क्वाइट-क्वायट, लूस-लूज, लेटर-लॅटर हे सगळे कानाला लगेच खटकतात कारण मशीन जे लिहिलंय तेच वाचतं, तुमच्या मनातलं वाचत नाही. स्वतः मोठ्याने वाचून तेवढा फायदा होत नाही, आपण आपल्याला हवं तेच वाचतो.

प्रिन्सिपल, स्टेशनरी, कॉम्प्लिमेंट, इट्स हे मात्र मशीनने वाचले तरी सारखेच ऐकू येणार. त्यांच्यासाठी पाठवायच्या आधी फाइंड वापरायचं, पूर्ण शब्द टाकायचा नाही, पी-आर-आय-एन-सी-आय-पी एवढंच टाकायचं, म्हणजे दोन्ही प्रकार समोर येतात, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून मुख्य की तत्त्व एवढं विचारायचं. तुमच्या यादीतल्या मोजक्या शब्दांसाठी एवढं करायला फार वेळ लागत नाही. आणि नवीन जोडी शिकायला घ्याल तेव्हा दोघांपैकी जो जास्त लागतो तोच आधी घ्या, त्याची दोन-चार वाक्यं स्वतःच्या कामातली बनवा, ती न अडखळता यायला लागली की मगच दुसऱ्याकडे वळा.